श्री मागे सरकला आणि मी सापडले

मी एक फाईल बोलतेय. शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एका ठिकाणी थोडी फोडणी आहे. कुठं, ते शेवटी सांगेन.

माझा जन्म साखरखेर्ड्याच्या कोकिळाबाईंच्या शेडनेटमध्ये, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. आत बियाण्याची मिरची, आणि दांडीला तापमान मोजणारं यंत्र. ते दर दहा मिनिटांनी एक आकडा टिपतं. त्याची फाईल होते आणि इंटरनेटवरच्या दूरच्या साठवणीत जाऊन पडते. माझा आकडा तेहतीस पॉइंट चार. यंत्र लागल्यापासूनच्या अकरा दिवसांत माझ्याइतकी तापलेली दुसरी कोणी नव्हती.

साठवणीत कपाटं नाहीत, खण नाहीत. नुसती नावं, आणि शोधणारा ती सुरुवातीपासून वाचत येतो. आमच्या शेतकरी गटाचे अध्यक्ष वामनराव, निवृत्त मास्तर. आधी 'श्री' लिहिल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. म्हणून प्रत्येक फाईलच्या नावात आधी 'श्री गजानन प्रसन्न', मग तारीख. गाव आणि शेतकरी पार शेपटाला. चारशे शेडनेटांच्या आम्ही सगळ्या एकाच दारात. बसवेना, उभं राहवेना.

एक दिवस कोकिळाबाईंकडे बियाणे कंपनीचे साहेब आले. "शेजारचे दोन प्लॉट उन्हानं गेले. तुमच्याही जाळीत तापमान पस्तीसच्या वर गेलं असणार. बाद करतो."

"एकेका फुलाले हातानं पराग लावला, साहेब. फवारे बंद होऊ देले नाहीत. मोबाईलात हाय सारं."

मोबाईलवर चक्र फिरत राहिलं. साहेब उठले.

"जेवल्याबिगर कसे जाता? भाकर टाकली हाय." चुलीपाशी जाता जाता कोकिळाबाईंनी हर्षलला फोन लावला. गटाचा संगणक तोच बघतो.

"सर," हर्षल वामनरावांना म्हणाला, "सहा लाख फाईली चाळून राह्यलो. पहिले गाव, मग शेतकरी, मग तारीख, असं नाव पाह्यजे. श्री मागं टाकू द्या."

"श्री मागं? डोकं फिरलं का बे?"

"देव मागं उभा राह्यला तं रुसत नाही, सर. कोकिळामावशीचा प्लॉट जाऊन राह्यला."

वामनरावांनी बराच वेळ चष्मा पुसला. "टाक. पण गाळू नको."

इकडे साहेबांच्या ताटात चौथी भाकर पडली. तेवढ्यात मी जी उडी मारली, ती लाखो जणींच्या डोक्यावरून थेट कोकिळाबाईंच्या मोबाईलात. साहेबांनी सगळ्यात मोठा आकडा शोधला. मीच.

"तेहतीस पॉइंट चार. ठीक आहे, प्लॉट राहू द्या."

पाचवी भाकर कोकिळाबाईंनी साहेबांना वाढली नाही. स्वतः घेतली.

आता हर्षल म्हणतो, इतक्या बारक्या फाईली एकेक उघडण्यात वेळ जातो. एका दिवसाच्या एकशे चव्वेचाळीस जणींचा तो एक गठ्ठा करतोय. उद्या माझी पाळी. आकडा राहील, पण ही वेगळी, वळवळणारी मी पुसली जाईन. जाता जाता एवढंच: नाव देताना, शोधायला येणारा काय विचारेल ते आधी लिहा.

आणि ती उडी खोटी. फाईलला पाय कुठले? मी होते तिथंच उभी होते. श्री मागे सरकला, तेव्हा वाट माझ्यापर्यंत आली.