चिमट्यात राहिलेलं टोक

मी धातू कापणारी एक जुनी पाती आहे, मित्रांनो. सुपारीच्या खांडाएवढी, तीन टोकांची. शिवऱ्याला महामार्गालगतच्या एका वर्कशॉपमध्ये, हळदीकुंकवाचे डाग पडलेल्या डबीत राहते.

माझा जन्म बंद भट्टीतला. तिथे बाहेरच्या हवेला शिरकाव नव्हता. वायूतून कण कण उतरून माझ्या अंगावर हिऱ्याचा पापुद्रा बसला, केसाहूनही पातळ. माणसाने घडवलेला, पण हिरा खराच.

वर्कशॉप सारिकाचं. तिने मला लेथवर, धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, बसवलं. मी कापलेल्या ॲल्युमिनियममध्ये तोंड दिसायचं. तिचे सासरे गेनूमामा, जन्मभर विळे-कोयते घडवलेले लोहार, येईल त्याला सांगायचे, "आमच्या सुनंचा हिरा नाकात न्हाई, लेथवर हाय!"

त्या वर्षी एका पंपाच्या कारखान्याने नमुन्याचे पाच बुश, म्हणजे पंपात बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत आखूड नळ्या, मागितले. दसऱ्याला द्यायचे. पसंत पडले तर वर्षभराचं काम, नाहीतर वर्कशॉप बंद करून सारिका पुन्हा कंपनीत शिफ्टला जाणार होती. तीन झाले आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, पुजायचं असतं.

मामा एकेक हत्यार पुसू लागले. माझ्यावर ॲल्युमिनियम चिकटलेलं, ते रॉकेलनेही निघेना. तेव्हा त्यांनी माझं एक टोक चिमट्यात धरलं आणि मला कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या कोळशाच्या भट्टीत घातलं. आयुष्यभर त्यांनी माखलेलं लोखंड आगीनेच शुद्ध केलं होतं.

"हिऱ्याला कसली आग? त्यो काय कापूर हाय?"

मित्रांनो, मी कापरासारखीच गेले. हिरा म्हणजे कोळशाचाच भाऊ. बंद भट्टीत सोसलेली उष्णता मला उघड्या हवेत सोसवेना. लाल होताच पापुद्रा वायू होऊन उडाला, राखसुद्धा मागे राहिली नाही. मामांनी माझ्या काळवंडलेल्या अंगाला भक्तीने हळदकुंकू लावलं.

दसऱ्याच्या सकाळी उरलेल्या दोनांतला पहिलाच बुश निस्तेज, ओरखडलेला निघाला. ॲल्युमिनियमचा जास्तीचा तुकडा एकच होता, तो वाया गेला; माझ्यासारखी दुसरी पातीही नव्हती. सारिकाने मला उजेडात धरलं.

"मामा, हिला काय केलं?"

"भट्टीत घालून साफ केली..." तिचा चेहरा पाहून मामा ऐरणीवरच बसले. "पोरी, देवाच्या नावानं म्या तुजं वाटोळं केलं."

तिने मला उलटसुलट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "तुमी धरली कुठं होती?"

"हितं, ह्या टोकाला. चिमटा लई जाड हाय माजा."

त्या टोकाची करडी चमक तशीच होती. थंड, जाड चिमट्याने त्याला आगीपासून आणि हवेपासून झाकलं होतं. सारिकाने तेच टोक पुढे घेतलं, कूलंटची, म्हणजे पाती थंड ठेवणाऱ्या तेलपाण्याची, धार पूर्ण सोडली आणि सावकाश उरलेले दोन्ही बुश कापून काढले. दोन्हींत तिचं तोंड दिसलं. भाऊबीजेच्या आधी कामाचा होकार आला.

आता तेही टोक झिजलं आहे. माझी एकच विनवणी आहे, मित्रांनो. कुणाची निगा राखायची तर त्याला काय सोसतं, हे आधी जाणून घ्या. माया असली तरी विचारून घ्या.

दर खंडेनवमीला मामा मला कोरड्या फडक्याने पुसून पाटावर ठेवतात. सारिका निरांजन घेऊन येते, आणि मामा आडवा हात धरतात.

"जरा लांबनं ओवाळ गं. तिला आग सोसत न्हाई."