ओट्याकडे तोंड करून

आपल्याकडे कसं, चहा करतात, फोन करतात, अभ्यास करतात, चूकसुद्धा करतात. एका करण्यात सगळा संसार आटपतो. इंग्रजीने मात्र त्याची दोन केली होती. कुठे 'डू', कुठे 'मेक'. उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन घेण्याच्या नोकरीची मुलाखत, तीही इंग्रजीत, आणि धाकटीच्या डोक्यात नुसता गुंता.

गुंता सोडवणारी भिंतीपलीकडेच भाजी चिरत होती. थोरल्या जावेचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला. इंग्रजी तिच्या जिभेवर नांदायचं. पण एकदा पाहुण्यांसमोर ती हसत म्हणाली, "हिला कुठलं इंग्रजी?" आणि त्या दिवसापासून दोघींचा अबोला. ओठ शिवलेले, कान मात्र उघडे. बोलायचंच झालं तर ओट्याशी, दाराशी, वाऱ्याशी. "कुणाला चहा हवा असेल तर झाकून ठेवलाय." "कुणाचा तरी टॉवेल भिजतोय बाहेर."

धाकटीने मुद्दाम मोठ्याने वाचलं, "आय विल डू अ फोन कॉल."

आत सुरी थांबली. "मेक," थोरली पातेल्याला म्हणाली.

"आय मेक माय होमवर्क."

"डू गं बाई, डू!" हेही पातेल्यालाच.

"असं का पण?" धाकटी खिडकीला म्हणाली. "काही बनलं की मेक, असं पुस्तक म्हणतं. मग चुकीला मेक कशाला? चुकीत काय बनतं?"

आत चिरलेली भाजी पातेल्यात पडली. मग हळूच, "चूक कशी होते ते करणाऱ्याला तरी कुठे कळतं? तोंडातून निघून जाते."

धाकटी गोंधळली. हे पुस्तकातल्या चुकीचं उत्तर, की त्या दिवसाच्या? ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. थोरलीची पाठच दिसली. सुरी पुन्हा चालू.

सकाळी हाक आली, तीही दारालाच. "कुणाचा तरी ड्रेस इस्त्री करून ठेवलाय. कुणाला तरी उशीर होतोय."

आता हा अबोला आहे की नाही? रुसवा आहे तर इस्त्री कशी, आणि माया आहे तर 'कुणाला तरी' कशाला? धाकटीला ना हे कळेना, ना डू-मेक. चपला घालता घालता तिने डोळे मिटून सगळा धीर एकवटला.

"ताई, मी येते हं!"

चुकलं की काय?

"ये, चिमणे." आवाज ओट्याकडून नाही, दारातून आला. थोरली पीठ लागलेल्या हातांनी समोर उभी. "आणि अडलीस तर थांब. घाबरून ठोकून देऊ नकोस. त्या दिवशी मीही उगाच ठोकून दिलं."

जिना उतरेपर्यंत डू आणि मेक पुन्हा एकमेकांच्या गळ्यात पडले. रस्त्यावरून धाकटीने वर पाहिलं. थोरली खिडकीतून हात हलवत, मान ताणून, ओठांनी काहीतरी सांगत होती. डू की मेक, ते खालून काही केल्या कळेना.

"काय म्हणताय, ताई?" धाकटी भर रस्त्यात ओरडली.