कपाटामागचं भोक

बंद पडलेल्या बेकरीचं घर करायचं हे खूळ मास्तरांचं. थंडीत हीटर नको, उन्हाळ्यात एसी नको, असं घर त्यांना हवं होतं. भिंतींना आतून वीतभर जाड अस्तर, खिडक्यांना तीन पदरी काचा, आणि फटीफटीला चिकटपट्टी. वर्षभर ते फटींच्या मागे हात धुऊन लागले होते. काम चालू असताना कुणी खिडकीला हात लावला की त्यांचा पारा चढे.

बायकोला मात्र एकच हवं होतं. तिचे वडील एकटे राहत, गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडलेही होते. त्यांनी कायमचं इथे यावं. बाबांचा सगळा जन्म बाजाराच्या तोंडावरच्या खोलीत गेलेला. शेवटची कामं चालू असतानाच आठवडाभर राहून बघतो म्हणून आले आणि दिवसेंदिवस गप्प होत गेले. कसं वाटतंय विचारलं की "उत्तम" म्हणत. उत्तम म्हणजे काही खरं नाही, हे लेक ओळखून होती. उद्या ते परत जाणार होते.

त्याच दिवशी हवेची चाचणी होती. तपासायला आलेल्या बाईंनी पुढच्या दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायला घेतली. कुठे फट असली की बाहेरची हवा तिथून आत घुसते. गळतीचा आकडा बघून मास्तरांचं तोंड उतरलं. बाई धुराची नळी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरल्या. बाबांच्या खोलीत कपाटाजवळ धूर सैरावैरा पळाला. कपाट सरकवलं, तर भिंतीला आरपार मुठीएवढं भोक, आणि त्यात कोंबलेला लोकरी मोजा सुटून बाईंच्या पायाशी पडला.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासऱ्यांवर ओरडणार कसं?

"मीच पाडलं, कामगारांच्या ड्रिलनं," बाबा म्हणाले. "इथे बाहेरचा आवाजच येत नाही हो. सकाळी जाग आली तरी आपण आहोत की गेलो, कळत नाही. मोजा काढून जरा कान लावतो."

"अहो बाबा, मग खिडकी उघडायची."

"उघडते?" बाबांनी डोळे मोठे केले. "तुम्ही सगळ्यांना ओरडायचात. म्हटलं, ती नुसती बघायची असेल."

बाईंनी हसू लपवायला खोकल्याचा आधार घेतला. मास्तर पार ओशाळले. खिडकी उघडू नका, हे त्यांनी हजारदा बजावलं होतं. आता उघडा, हे सांगायचंच राहिलं होतं.

भोक बुजवलं, पुन्हा पंखा लावला आणि घर पास झालं. बाई गेल्यावर मास्तरांनी स्वतःच्या हाताने बाबांची खिडकी सताड उघडली. कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं, समोर कुकरची शिट्टी झाली. गार वारा भसकन आत आला. मास्तरांचा हात खिडकीकडे गेला, पण तो मागे घेऊन ते बाबांच्या शेजारी बसले.

बऱ्याच वेळाने बाबाच उठले आणि खिडकी ओढून घेतली.

"पुरे आता. उगीच आपलं घर गार कशाला करायचं?"

दारात उभ्या असलेल्या लेकीने ते ऐकलं. उद्यासाठी भरलेली बाबांची बॅग तिने उघडली आणि त्यांचे सदरे परत कपाटात लावू लागली.