उजव्या काचेवरची चीर

मित्रांनो, मी एक जुना काळा चष्मा आहे. माझी एक दांडी दोऱ्याने बांधलेली आहे आणि उजव्या काचेवर नाकापासून कानापर्यंत चीर आहे. दांडीचं मला काही वाटत नाही, ती वयाने गेली. चीर मात्र पाडली गेली आहे. ज्याने पाडली त्याला मी अजून माफ केलेलं नाही. माझ्या मालकिणीनेही नाही.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते भंडाऱ्याचं चष्म्याचं दुकान. चौऱ्याहत्तर साली मी तिथल्या काचेच्या कपाटात टांगलेला होतो. समोरच टॉकीज होती. दर शुक्रवारी तिच्यावर नवं पोस्टर चढे. पोस्टरवर बहुतेक दोन बाया असत. एकीच्या डोक्यावर पदर आणि मांडीवर लेकरू. दुसरीच्या हातात पर्स आणि डोळ्यांवर थेट माझ्यासारखा काळा चष्मा. मला वाटे, केवढा मान आहे आपल्या जातीला!

मग खेळ सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येऊ लागलं, तेव्हा खरं काय ते कळलं. चष्मेवालीला मूल नको असायचं. कधी अंग सुटेल म्हणून नको, कधी क्लबात जायचं म्हणून नको. तिसरं कारण मी कधी ऐकलं नाही. नवरा तिच्या थोबाडीत मारायचा आणि टाळ्या पार रस्त्यापर्यंत ऐकू यायच्या. शेवटच्या दहा मिनिटांत ती चष्मा फेकून सासूच्या पायांवर पडायची, नाहीतर मरायची. "बरं झालं, मेली ते," असं म्हणत बायका रिक्षात बसायच्या.

अशातच एके दिवशी निर्मलाबाई दुकानात आल्या. त्या करडी गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. दिवसभर धानाच्या बांध्यांमधून उन्हातान्हात सायकल चालवून त्यांच्या डोळ्यात वडस, म्हणजे बुबुळावर चढणारा मांसाचा पडदा, वाढू लागला होता, आणि काळा चष्मा लावा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुकानदार म्हणाला, "हा घ्या जी बाई, हिरोईनवाला."

"मले हिरोईन नाही व्हायचं," त्या म्हणाल्या, "मले दिसलं पाह्यजे."

मित्रांनो, ती चार वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. बाई सायकल टेकवायच्या, मला कपाळावर चढवायच्या आणि आत जायच्या. त्यांच्या हातून जन्मलेली लेकरं लस टोचताना रडता रडता मलाच ओढायची. लाळेने बरबटलेल्या मला बाई पदराने पुसून पुन्हा डोळ्यांवर ठेवायच्या.

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. नको होतं. नवरा टेकचंद पोस्टमन होता. लग्नाआधीच दोघांचं तसं ठरलेलं होतं. आजार नव्हता, नवस नव्हता, काही दडवलेलं नव्हतं. गावाला मात्र कारण लागे.

"बाई, लेकरू काहून नाही वो होऊ दिलं?" शकुनबाई विचारायची. तिचं घर उपकेंद्राला लागूनच होतं.

"तुले कोणी इचारलं का, सहा काहून होऊ दिले म्हनून?"

"अवो माय! ते काय इचारायची गोष्ट आहे?"

"मंग हे बी नाही. सरकार म्हणते दोन पुरे. मी सरकारच्या दोन पावलं पुढं आहो."

बाईंना कादंबऱ्यांचा नाद होता. भंडाऱ्याच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक त्या आधी शेवटच्या पानावर उघडायच्या. टेकचंद विचारायचा, "जित्ती आहे का?" मूल नको म्हणणारी बाई शेवटपर्यंत जगली का, असं त्याला विचारायचं असे. एक विहिरीत गेलेली असे, एक वेड्यांच्या दवाखान्यात. "हे मोटारीखाली," बाई म्हणायच्या, आणि हसून पुस्तक मिटायच्या. मी कपाळावर चढवलेला असे. ते हसू डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही, हे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली करडीच्या मंडईत गोपीचंदने नाटक लावलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकाशिवाय ती सरत नाही. गोपीचंद किराणा दुकानदार. नाटक तोच लिही, तोच बसवी आणि नायकही तोच होई. नाटकातला बंगला गावातल्या घरांतून उभा राहतो, मित्रांनो. खुर्च्या एकाच्या, आरसा दुसऱ्याचा, पाळणा तिसऱ्याचा. पडदा उघडण्याआधी देणाऱ्यांची नावं भोंग्यावर वाचतात.

"डॉक्टरणीचा पार्ट आहे जी बाई," गोपीचंद म्हणाला. "चष्मा, पर्स अन् छत्री पाह्यजे."

डॉक्टरणीचा पार्ट म्हणून बाईंनी मला कौतुकाने पुसून दिलं.

नाटकाचं नाव होतं 'चष्मेवाली सून'. त्यात डॉक्टरीण नव्हतीच. स्त्रीपार्ट करणारा डोमा मला लावून, बाईंसारखी काखेत छत्री मारून, बाईंसारखाच भरभर चालत आला, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अबे, नर्सबाई!" पेट्रोमॅक्सच्या उजेडात काळा चष्मा लावल्याने डोमाला काही दिसत नव्हतं, तो पाळण्याला धडकला. त्यावरही लोक हसले. पहिल्या रांगेत बाई ताठ बसून होत्या. शेवटच्या अंकात चष्मेवालीला थोबाडीत बसली. तिने मला फेकून दिलं आणि पदर पसरून लेकरू मागितलं. लिहिलेलं तेवढंच होतं. पण टाळ्यांनी गोपीचंदला चेव आला आणि त्याने बुटाची टाच माझ्यावर ठेवली.

कट्ट! तो आवाज फक्त मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्रात गुंडाळून परत आलो. पर्स आणि छत्री आल्याच नाहीत. पुढच्या वर्षी लागतील म्हणून त्या नाटकाच्या पेटीत राहिल्या.

चीर मी सोसली असती. पण त्यानंतर गावच बदललं. बाई दिसल्या की तान्ही पोरं पदराखाली जाऊ लागली. लसीच्या दिवशी अंगण रिकामं. गोपीचंदची आई चंद्रभागाबाई घरोघरी सांगत फिरली, "तिची नजर बरी नाही. नाटकात नाही पाह्यलं का, शेवटी पदर पसरून लेकरू कशी मागते ते?" नाटक तिच्याच मुलाने लिहिलं होतं, पण भोंग्यावरून ऐकलं की माणसांना ते खरं वाटतं.

पुढच्या श्रावणात गोपीचंदची बायको कुंताबाई अडली. चौथं बाळंतपण, सकाळपासून कळा, पण नर्सला बोलवायला चंद्रभागाबाई तयार नव्हती. शेवटी कुंतानेच मोठ्या पोरीला मागच्या दाराने पाठवलं. बाई सायकल फेकूनच आत शिरल्या. दारात म्हातारी आडवी.

"तुमची नजर..."

बाईंनी मला काढलं आणि ओसरीच्या कट्ट्यावर ठेवलं. "हे घ्या. नजर बाहेर ठेवली. आता सरका."

मी आणि गोपीचंद, दोघेच ओसरीवर. तो माझ्याकडे पाही आणि मान फिरवी. मी मान फिरवू शकत नव्हतो, आणि फिरवली नसतीही. दुपारी आत लेकरू रडलं. पोरगी होती. बाई घामाने निथळत बाहेर आल्या. गोपीचंद हात जोडून उभा राहिला. पण चष्म्याचं नाव नाही, आणि नाटकाचंही नाही.

मला वाटलं, आता त्याला लाज येईल. कसली लाज? मंडई जवळ आली, आंधळगावचे बडे पाहुणे येणार होते, आणि त्यांनी म्हणे तेच नाटक मागितलं. त्या वर्षी पेट्रोमॅक्सच्या रॉकेलची मारामार होती, म्हणून प्रयोग दुपारी ठेवला. त्या सकाळी बाईंनी माझी काच निगुतीने पुसली, चिरीतली धूळसुद्धा सुईने काढली. टेकचंद म्हणाला, "जाऊ दे ना वो."

"नाही जाऊ देत," बाई म्हणाल्या.

भोंग्यावर नावं वाचली गेली: "पर्स व छत्री, नर्सबाई यांच्याकडून. लुगडं, सौ. कुंताबाई यांच्याकडून." बाई मला लावून पहिल्या रांगेत बसल्या. डोमाच्या डोळ्यांवर जत्रेतला कचकड्याचा चष्मा होता. शेवटचा अंक आला. थोबाडीत बसली. डोमाने पदर पसरला. त्याच वेळी बाई उठल्या आणि मंचावर चढल्या.

"माझी पर्स."

गोपीचंद दातांतल्या दातांत कुजबुजला, पण वर लटकलेल्या माइकने ते उचललं. साऱ्या मंडपाला ऐकू गेलं, "पाच मिनट थांबा ना जी बाई, पश्चात्ताप होऊन राहिला!"

"तुमचा पश्चात्ताप होऊ द्या. वस्तू माझी आहे. छत्री बी आणा."

मंडप हसला. गेल्या साली बाईंवर हसलेलेच लोक होते ते. तेवढ्यात बायकांच्या बाजूने कुंताबाई उठली. काखेत तिची ती पोरगी होती.

"डोमा भाऊ, लुगडं माझं आहे. सोडा."

"वहिनी, इथं?"

"मंग कुठं? तुमी नेसले इथं, तर इथंच सोडा."

"कुंते, खाली बस!" गोपीचंद ओरडला.

पण मागून शकुनबाई निघाली होती. "माझा पाळणा." मग खुर्च्या गेल्या. आरसा गेला. पाच मिनिटांत बंगल्याचं मोकळं वावर झालं. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत आणि लांब केसांच्या टोपात डोमा उभा होता. तो पडदा ओढायला गेला, तर पडद्याच्या चादरीही कोणीतरी सोडून नेलेल्या. आंधळगावचे पाहुणे पोट धरून हसत होते.

कुंताबाईने लुगड्याची घडी घातली, पोरगी गोपीचंदच्या हातात दिली आणि माइकखाली उभी राहून म्हणाली, "धरा. लेकरासाठी पदर पसरणारी बाई तुमीच लिवली ना? आता घ्या पोटभर. मी मंडई पाहून येतो."

पोरगी अशी रडली, मित्रांनो, की भोंग्यावरून आख्ख्या मंडईला ऐकू गेली. माझ्या चिरलेल्या काचेतून मी गोपीचंदकडे पाहत होतो. चिरीमुळे त्याचे दोन तुकडे दिसत होते. इतकं गोड मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

ते नाटक पुन्हा झालं नाही. लसीच्या दिवशी अंगण हळूहळू भरू लागलं. आठ दिवसांनी गोपीचंद आला. "भंडाऱ्याहून नवी काच बसवून आणतो जी बाई."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "ह्या चिरीतून तुमी बराबर दिसता."

आता पंच्याऐंशी साल उजाडलं आहे. बाई अजून साखर गोपीचंदच्याच दुकानातून आणतात. ढगाळ असो की दिवेलागण, दुकानाची पायरी चढताना मला डोळ्यांवर चढवतात. तो खाली तागडीकडे पाहतो आणि साखर थोडी जास्तीची टाकतो. बाई चिमटीने ती जास्तीची साखर काढून पोत्यात परत टाकतात.

मित्रांनो, चष्म्याला जपा. वाळूत ठेवू नका, खरखरीत फडक्याने पुसू नका. कोणाची वस्तू मागून नेलीत तर आधी खरं सांगा, तिच्यातून कोणावर हसायचं आहे ते. माझी तुटकी दांडी कोणी नीट बसवून दिली तर उपकार होतील. चिरीला मात्र हात लावू नका. गोपीचंद अजून रोज दुकान उघडतो.