संदर्भाखालचं नाव

प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी पाहुणे कोण ते सांगितलं. हिंगण्याच्या ज्या कंपनीनं शाळेला थंड पाण्याचं मशीन दिलं, तिचे मोठे साहेब आज निबंधांचं प्रदर्शन बघायला येणार होते. पोरं टाळ्या पिटत होती. आठवीतल्या प्रणालीचे हात मात्र उचलेचनात. तिचा बाप त्याच कंपनीत कामाला होता, आणि हॉलमधल्या तिच्या तक्त्यावर त्याचं नाव ठळक अक्षरात लिहिलेलं होतं.

झालं होतं असं. मुग्धा मॅडमनी वर्गाला भूमिका-निबंध दिला होता. एखाद्या प्रश्नावर आपली बाजू घ्यायची, ती पुराव्यानं मांडायची आणि खाली संदर्भ द्यायचे. संदर्भाच्या बाबतीत मॅडम भलत्याच कडक. "लोक म्हणतात, असलं मला चालणार नाही. कोण म्हणतं, त्यानं स्वतः पाहिलं का, कुठं काम करतो, सगळं हवं!" अर्ध्या वर्गानं इंटरनेटवरून उचलून मोबाईलचे तोटे लिहिले नि मोकळे झाले. प्रणालीनं वस्तीमागचा नाला घेतला. तिचं म्हणणं एकच, की कारखान्याचं घाण पाणी नाल्यात सोडणं बंद झालं पाहिजे.

पण सोडतात याला पुरावा काय? पेपरात काही सापडेना, वाचनालयात त्या नाल्याचं नावही नाही. तशात एका दुपारी जेवताना आई वासानं कावून म्हणाली, "काय मरून पडलं त्या नाल्यात, कोनास ठाऊक!"

अंकुश, म्हणजे प्रणालीचा बाप, हसला. "कायचं मरते वं? सुटीच्या दिवशी तपासणीवाले नसतेत, तं कंपनीच्या टाकीतलं सारं घाण पाणी तिकडंच जाते. वॉल मीच तं खोलतो."

"बाबा, तुमी सोता?" प्रणालीचा घास हातातच राहिला.

"मंग कोन? साहेब येते का खोलाले?"

पोरीला आभाळ ठेंगणं झालं. स्वतः पाहिलेला माणूस, तोही घरातला! तिनं सुटीच्या दिवसाची गोष्ट निबंधात घातली आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'संदर्भ: अंकुश रामटेके, कामगार. प्रत्यक्ष मुलाखत. पाणी सोडणारा व्हॉल्व्ह ते स्वतः उघडतात.' मॅडमनी पाठ थोपटली, पैकीच्या पैकी दिले. ते नाव वाचून त्या माणसाचं पुढं काय होईल, हे त्या शिकलेल्या बाईच्या डोक्यातच आलं नाही. बापाला प्रणालीनं यातलं काही सांगितलं नव्हतं. प्रदर्शनाला बोलवून एकदम खूश करायचं होतं. आता घ्या खुशी!

ती धावत हॉलमध्ये गेली. संदर्भाची पट्टी खाली डकवलेली होती. नखानं खरवडली, ती अर्धी निघाली, अर्धी फाटली. शेवटी तिनं ओरबाडूनच काढली आणि मुठीत चुरगाळली. तेवढ्यात साहेब आत आले, सोबत मुख्याध्यापक आणि मॅडम. मागून दाराशी पालकांची गर्दी झाली. त्या गर्दीत रात्रपाळीवरून थेट आलेला अंकुश होता, कंपनीच्या निळ्या शर्टात. लेकीला पाहून त्यानं हात हलवला. प्रणालीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. बाबा, जा न घरी, काहून आले तुमी, असं तिला ओरडावंसं वाटत होतं.

साहेब तक्त्यासमोर थांबले. सगळं वाचलं. चेहरा हसराच होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"अक्षर छान आहे. पण सुटीच्या दिवशी पाणी सोडतात, हे तुला कोणी सांगितलं?"

"आमची मुलं संदर्भाशिवाय ओळ लिहीत नाहीत, सर," मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "प्रणाली, पट्टी कुठाय? त्यात हिच्याच..."

"मी मनानं लिहिलं!" प्रणाली मध्येच ओरडली. "कोणीच नाही सांगितलं. खोटं आहे ते."

मॅडमनी फाटलेल्या कागदाकडं पाहिलं, मग पोरीच्या पांढऱ्याफटक तोंडाकडं, मग दारातल्या निळ्या शर्टाकडं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"नाव काय बेटा तुझं?" साहेबांनी विचारलं.

"प्रणाली."

"पूर्ण नाव सांग."

आता आली का पंचाईत! आपल्याकडं लेकराचं पूर्ण नाव बापाच्या नावावाचून होतच नाही. नाव गिळावं म्हटलं तर गिळता येईना. अख्खा हॉल ऐकत होता.

"प्रणाली... अंकुश... रामटेके."

"रामटेके?" साहेबांची मान दाराकडं वळली. "अरे, हा तर आपलाच माणूस. ये, पुढं ये."

अंकुश पुढं आला. साहेबांनी बोट दाखवलं त्या ओळी त्यानं वाचल्या आणि त्याला सगळं कळलं. त्याच्या एका शब्दावर घराची चूल होती, हे त्यालाही ठाऊक होतं, पोरीलाही आणि साहेबांनाही.

"सोडतो का रे आपण असं पाणी?"

"नाही साहेब," अंकुश म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. "पोरगी लहान हाये. चुकलं तिचं."

"चुकलं तर दुरुस्त करायचं. मॅडम, तुम्हाला संदर्भ लागतो ना? हा घ्या, प्रत्यक्ष काम करणारा माणूस आहे. लिही बेटा, त्याच जागी."

प्रणालीनं बापाकडं पाहिलं.

"लिही वं," तो हळूच म्हणाला. "साहेब म्हणून राहिले न."

तिनं लिहिलं. नाल्यात कारखान्याचं पाणी सोडलं जात नाही. संदर्भ: अंकुश रामटेके, कामगार. प्रत्यक्ष मुलाखत. अक्षर नेहमीसारखं वळणदारच आलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी अंकुशच्या खांद्यावर थोपटलं आणि ते पुढच्या तक्त्याकडं गेले.

बापाची नोकरी वाचली होती. पण प्रणालीनं मान वर केली नाही. वर पाहिलं असतं, तर बापाला तिच्याकडं बघावं लागलं असतं.