करड्या अक्षरांतली पूड

स्वयंपाकघरात ओट्यावरचं झाकण घरंगळून खाली पडलं. ठण्ण! मी श्वास रोखला. लेकीने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. तिच्या दुपारच्या झोपेवरच माझी नोकरी चालते, म्हणून झाकण तसंच पडू दिलं आणि लॅपटॉप उघडला.

मी बिस्किटांच्या कारखान्याच्या रेसिप्या कंप्युटरवर लावते. सारख्यासारख्या रेसिप्या आजवर सुट्या पडल्या होत्या. त्यांना एका घरात आणायचं काम माझ्याकडे आलं. वर मूळ रेसिपी, म्हणजे आई; खाली तिच्यावरून बनलेल्या रेसिप्या, म्हणजे तिची पिल्लं. पिल्लाचं स्वतःचं असेल ते काळ्या अक्षरांत दिसतं, आईकडून आलेलं करड्या. आईची साखर बदलली की सगळ्या पिल्लांची बदलते. किती सोयीचं, म्हणून मीच ऑफिसभर मिरवत होते.

काल बिनशेंगदाण्याचं पिल्लू नव्या आईखाली नेलं होतं. शेंगदाण्याने ज्या मुलांचा घसा सुजतो, श्वास कोंडतो, त्यांच्यासाठीचं ते बिस्किट. आज त्याचं पान उघडलं, तर मैद्याखाली करड्या अक्षरांत लिहिलेलं: शेंगदाणा पूड.

नव्या आईकडून उतरलेली. पिल्लू हलवताना ‘स्वतःचं ठेवा’ ही खूण दोन पानांवर करावी लागते. वेष्टनाच्या पानावर मी केली होती. घटकांच्या पानावर करणार, तेवढ्यात न्हाणीघरातून हाक आली होती, “आई, साबण डोळ्यात गेला!” म्हणजे पुड्यावर ‘शेंगदाणा नाही’ छापलं जाणार, आणि आत...

पीठ मळायच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, त्यांना फोन लावला. मागे यंत्राची घरघर.

“बोला ताई! घरी बसून आमच्यावर पहारा का?”

“मामा, बिनशेंगदाण्याचा घाणा लागला?”

“सकाळीच. आता दुसरा मळतोय.”

“बंद करा. त्यात शेंगदाणा पडतोय.”

“चेष्टा करता होय? पूड कोठीतून आपोआप पडते, आम्ही कुठे हात...”

“मामा, पाया पडते, बंद करा!”

घरघर थांबली.

“केलं,” मामांचा आवाज बारीक झाला होता. “पण ताई, पहिल्या घाण्याची गाडी गेली की हो.”

साहेबांना मीच सांगितलं. ते ओरडले नाहीत, नुसतं “अरे देवा” म्हणाले. मग मी फोन छातीशी धरून लेकीशेजारी बसले. तिचा श्वास ऐकत राहिले, आत, बाहेर. कधी नव्हे ते मोजूनमापून ऐकत होते.

मामांचा फोन आला. “गाडी अडवली, ताई. पण एका दुकानात खोकं उतरलं होतं. दुकानदाराने उरलेलं बाजूला काढलंय, दारावर पाटीही लावतोय. फक्त दोन पुडे विकले गेलेत.”

“कुणाला?”

“शाळा सुटली होती हो. पोरांची ही गर्दी. त्याला चेहरे आठवत नाहीत.”

“त्याला पुन्हा विचारा ना मामा. कुणाची तरी आई असेल बरोबर. दोन पुडे कुणी नेले, एवढं तरी...”

“विचारतोय, ताई. साहेबही निघालेत तिकडे.”

फोन ठेवला, तर लेक उठून बसलेली. गालावर उशीची घडी उमटलेली. तिने माझा पदर ओढला, डोळे पुसले. माझे, स्वतःचे नाही.

“आई,” ती म्हणाली, “त्या पुड्यातलं बिस्किट खाल्लं का कुणी?”