खुर्चीवरचं निळं कापड

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच चित्र रंगवलं, तेही दुसऱ्याच्या चित्रावर. खरं तर चित्रसुद्धा नाही, नुसतं एक कापड. निळं, एका उघड्या बाईच्या छातीपासून गुडघ्यांपर्यंत. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. त्या एका कापडापायी संग्रहालयात सगळे त्यांना ‘शिंपी’ म्हणायला लागले. ज्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही, त्याला!

चोपन्न वर्षांनी ते कापड काढायचं काम माझ्याकडे आलं.

मी त्याच संग्रहालयात जुनी चित्रं साफ करते. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि तिला उत्तरेकडे भिंतभर खिडकी आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर जागचा हलत नाही. सकाळी दहाला जसा येतो तसाच दुपारी चारला असतो, त्यामुळे त्या खोलीत वेळ जातो की नाही हे कळत नाही. खाली रस्त्यावर गाड्या चाललेल्या दिसतात, ऐकू येत नाहीत. अशा उजेडात मी त्या बाईला इझलवर लावलं आणि तीन आठवडे तिच्या अंगाला हात लावला नाही.

ती एका खुर्चीजवळ उभी आहे. खुर्चीवर तिचे कपडे टाकलेले आहेत, सगळ्यात वर एक निळं कापड, अर्धं खाली घसरलेलं. दार न वाजवता कोणी आत आलं तर आपण जसं बघू, तशी ती सरळ आपल्याकडे बघते. घाबरलेली नाही. नुसती विचारतेय, काय हवंय?

आमच्या प्रमुख बाईंना आम्ही पाठीमागे हेडमास्तरीण म्हणतो. नग्नचित्रांच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं त्यांच्या डोक्यात होतं. आठ दालनं, सगळी मापं तोंडपाठ. माझ्या खोलीत येऊन त्यांनी हातवारे करत अख्खा इतिहास उभा केला.

“पहिल्या तीन दालनांत देव्याच देव्या. देवी असली की कुणाची तक्रार नाही. शेजारी एक शिंपला ठेवला, एखादं कबूतर बसवलं, की झालं. बाई तीच, पण लोक हात जोडून बघणार. कित्येक वर्षं हेच चाललं. आणि मग पाचव्या दालनात ही येते.” त्यांनी चित्राकडे बोट केलं. “हिच्याकडे ना शिंपला, ना कबूतर. खुर्ची आहे, आणि खुर्चीवर हिचेच कपडे. म्हणजे ही देवी नाही, कपडे काढलेली बाई आहे. लोक भडकले ते त्या खुर्चीमुळे.”

“आणि मग संग्रहालयाने माझ्या वडिलांना बोलावलं,” मी म्हटलं.

त्या जरा ओशाळल्या. “तुझ्याशिवाय दुसरं कोण करणार गं? कापड काढून दे. निघतच नसेल तर तसा अहवाल दे, मी दुसरं चित्र लावीन.”

निघतच नसेल तर. हे तीन शब्द मी घट्ट धरून ठेवले.

लपवत नाही, लहानपणी मला वडिलांची लाज वाटायची. चित्रकलेच्या कॉलेजात आमचे सर मला ‘शिंप्याची लेक’ म्हणायचे आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. बाप झाकतो, तर मी उघडीन, अशा हट्टाने मी या धंद्यात शिरले. पण पुढे कधीतरी, चाळिशी उलटल्यावर, मी ते कापड कापड म्हणून पाहिलं. त्या घड्या पोटावरून उतरताना कुठे थांबतात, कुठे सुटतात! खाली श्वास चाललाय हे त्या कापडावरून कळतं. असं कापड रंगवू शकणाऱ्या माणसाने नंतर तीस वर्षं संग्रहालयाच्या तळघरात चौकटी बनवल्या. स्वतःचं एकही चित्र काढलं नाही. हे कापड मी पुसलं, तर त्यांच्या हातचं म्हणून जगात काय उरणार होतं? दुसऱ्यांच्या चित्रांभोवतीची लाकडं?

म्हणून मला ते काढायचं नव्हतं. स्पष्टच सांगते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, ऐकून लोक तोंड वाकडं करतात. चित्र साफ करताना पहिली चाचणी थुंकीची. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि कोपऱ्यात हळूच फिरवायचा. थुंकी कोमट असते, सौम्य असते, आणि पाण्याने निघत नाही तो मळही तिने निघतो. त्याने भागलं नाही तरच पुढची द्रावणं, सौम्य ते कडक.

पण तीन आठवड्यांनी काडी हातात घेतली त्या दिवशी मी थेट कडकपासून सुरुवात केली. थुंकीचं विसरले असं म्हणणार नाही. विसरले नव्हते.

पहिल्या द्रावणाने वरचा मेणाचा पातळ हात निघाला. निळा रंग जागचा हलला नाही. दुसरं लावलं, तिसरं लावलं. कापूस पांढरा तो पांढराच. मला एवढा आनंद झाला की मी एकटीच हसले. टेबलाशी बसून अहवाल लिहिला: ‘आच्छादन मूळ चित्राला धक्का न लावता काढता येत नाही.’ सही तेवढी राहिली, कारण द्रावणांच्या वासाने डोळे जड झाले होते. पंखा लावायचा राहून गेला होता. मी टेबलावर डोकं टेकलं.

खोलीतला उजेड तसाच होता, पण खोली वडिलांच्या तळघराची होती. दाराबाहेर रांग लागली होती. आठही दालनांतल्या बाया आल्या होत्या, अनवाणी, जिन्यावरून हळूहळू उतरत. सगळ्यात पुढे समुद्रातून आलेली, तिच्या केसांतून लाकडाच्या भुशावर पाणी ठिबकत होतं. तिच्यामागे आरसा घेतलेली, मग गादीवर कलंडलेली, ती तर गादीसकट आली होती. एकीचं अंग नुसतं कोन आणि त्रिकोणांचं, तिला स्टुलावर बसायलाच जमेना. वडील चोवीस वर्षांचे होते, गळ्यात टेप, नजर खाली. प्रत्येकीचं माप घेत होते आणि प्रत्येकीला म्हणत होते, “सैल ठेवतो हं. काढायला सोपं जावं.” शेवटी खुर्चीवाली आली. खुर्ची तिने स्वतःच उचलून आणली होती.

“माझं कधी?” तिने विचारलं.

“तुझं झालंय,” वडील म्हणाले. “तुझी फक्त माझ्या मुलीकडून सुटका व्हायचीय.”

मी दचकून उठले. गालावर अहवालाच्या कागदाची घडी उमटली होती.

घरी गेले तेव्हा वडील नेहमीसारखे खिडकीशी बसले होते, हाताशी पाण्याचा ग्लास. औषधांमुळे त्यांच्या तोंडाला सारखी कोरड पडते. हात कापतात. मी चपला काढता काढताच सांगून टाकलं.

“बाबा, तुमचं कापड निघत नाही. कडक औषध लावलं तरी नाही. तसंच राहणार आता.”

मला वाटलं खूश होतील.

“थुंकलीस का?”

“काय?”

“अगं, थुंकलीस का त्याच्यावर? मेण काढल्यावर?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग कसली दुरुस्ती करतेस तू? पहिली रीतच विसरलीस?” ते खरंच चिडले होते. “डिंकातला रंग आहे तो. मूळ चित्रावर आधी वॉर्निशचा हात दिला, त्याच्यावर डिंकाचा रंग, आणि फडकं मारणाऱ्यांपासून वाचावं म्हणून वर मेण. तेलातला नव्हेच. तुझं औषध त्याला काय करणार? थुंकीने निघावं म्हणूनच तसा केला होता.”

मी खाली जमिनीवरच बसले. “तुम्ही मुद्दाम पुसता येईल असं रंगवलंत?”

“नाहीतर काय? मी नाही म्हणालो असतो तर दुसरा एक रंगारी तयारच बसला होता, तेलरंगाचे डबे घेऊन. त्याने थेट तिच्या अंगावर थापला असता. मग ती गेलीच होती कायमची.” त्यांनी ग्लास उचलला, पाणी थोडं हातावर सांडलं. “मी काय केलं? तिचेच कपडे खुर्चीवर होते. त्यातलं एक उचलून तिच्या अंगावर टाकलं. म्हटलं, या लोकांच्या नजरा निवळल्या की कुणीतरी परत उचलून ठेवील.”

“आणि कुणाला सांगितलं का नाही?”

“कुणी विचारलं का? सगळे हसण्यात दंग होते.”

मला रडू आलं. थोडं रागाचं, बरंचसं लाजेचं. वर्गातल्या त्या हसण्यात मीही एकदा हसले होते, ते आठवलं.

“मग तुमचं म्हणून काय राहिलं, बाबा?”

त्यांनी खरोखर विचार केला. “डिंक छान घोटला होता मी,” ते म्हणाले. “चोपन्न वर्षं टिकला. हलकं काम नव्हतं ते.”

अहवाल माझ्या पर्समध्ये होता, बिनसहीचा. खरं काय ते मला आणि त्यांना, दोघांनाच ठाऊक होतं. मी सही केली असती तर कापड राहिलं असतं, वडिलांच्या मागेही राहिलं असतं. ती रात्र आणि पुढचा अख्खा दिवस मी त्याच विचारात होते. मग कागद फाडला. ज्या माणसाने चोपन्न वर्षं वाट पाहिली, त्याला मी माझ्या मायेखातर आणखी ताटकळत ठेवणार होते. ही कसली माया?

नऊ दिवस लागले. समोर लिंबू कापून ठेवायचे, तोंडाला पाणी सुटावं म्हणून. काडी जिभेवर, मग चित्रावर, घासायची नाही, नुसती फिरवायची. निळं कापसावर यायचं आणि खालून त्वचा वर यायची, इतकी हळू की कोणता क्षण कापडाचा आणि कोणता तिचा हे मला सांगता आलं नसतं. पोटावर एक वळी होती, ती वडिलांनी घडीत बरोब्बर धरली होती. उजेड हलत नव्हता. मला कधी वाटायचं मी झोपेत आहे, कधी वाटायचं ती झोपेतून उठतेय. निळे बोळे मी काचेच्या बरणीत साठवत गेले. फेकवले नाहीत.

शेवटची घडी मी ठेवली. उजव्या गुडघ्यावरची, तळहाताएवढी.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. मी वडिलांना लिफ्टने वर आणलं. पहारेकरी उठून उभा राहिला, “शिंपीदादा, किती दिवसांनी!” वडील हसले, त्यांना त्या नावाचं कधीच काही वाटलं नव्हतं. मी त्यांना चित्रासमोर बसवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

“बरी आहेस ना?” त्यांनी विचारलं.

मी “हो” म्हणणार होते, तेवढ्यात कळलं की प्रश्न मला नव्हता.

मी त्यांच्या हातात काडी दिली. त्यांनी ती तोंडात धरली, बाहेर काढली. कापूस कोरडाच. पुन्हा धरली, पुन्हा कोरडाच. “तोंडाला पाणीच नाही गं,” ते हसून म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. मी ती काडी घेतली, माझ्या जिभेवर ओली केली आणि त्यांच्या बोटांत परत ठेवली.

हात कापत कापत चित्रापर्यंत गेला. कापूस रंगाला टेकला आणि कापणं थांबलं. त्यांनी काडी फिरवली, घासली नाही, अगदी रीतसर. मी ओली करून देत गेले, ते फिरवत गेले. गुडघा बाहेर आला. त्याच्यावर जुन्या खरचटण्याची एक खूण होती, मूळ चित्रकाराने काढलेली. खुर्चीवरचं निळं कापड होतं तिथेच होतं.

“झालं,” ते म्हणाले. “ठेवलं जागेवर.”

दुसऱ्या दिवशी मी नवा अहवाल लिहिला. त्यात दोन रकाने असतात: आच्छादन कोणी केलं, आणि आच्छादन कोणी काढलं. पहिल्यात जुन्या कागदांवर इतकी वर्षं ‘अज्ञात’ असं लिहिलेलं होतं. सगळ्या इमारतीला माहीत असलेली गोष्ट, पण कागदावर अज्ञात. दुसऱ्यात माझं नाव यायला हवं होतं. हेडमास्तरीणबाईंनी कागद वाचला, बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

दोन्ही रकान्यांत मी वडिलांचं नाव लिहिलं होतं. शिंपी नाही. पूर्ण नाव.